वेलिंग्टन नेमकं कुठलं?

प्रश्न: भाच्याचं सिलेक्शन झालं, कोर्स वेलिंग्टनला. सासूबाईंना वाटलं न्यूझीलंडला चाललाय, तो म्हणे निलगिरीत. मग लेकीनं विचारलं, तो ड्यूक ऑफ वेलिंग्टन यातल्या कुठल्या गावचा? — एक वाचक, लश्कर, ग्वाल्हेर

उत्तर: ताई, दोन्हींपैकी कुठलाच नाही. माणूस आयर्लंडात जन्मलेला, नाव आर्थर वेलस्ली. 1809 मध्ये स्पेनमधली तालावेराची लढाई जिंकल्यावर त्याला किताब द्यायचा ठरलं, पण हा तिकडे लढाईत अडकलेला, मग नाव शोधायचं काम भाऊ विल्यमवर आलं आणि त्यानं इंग्लंडात सॉमरसेटमधलं वेलिंग्टन हे गाव निवडलं, कारण काय तर वेलस्लीशी जुळतं! ड्यूक झाला तो 1814 ला.

म्हणजे आधी गावावरून किताब, आणि पुढे किताबावरून गावं. न्यूझीलंडच्या शहराला 1840 मध्ये हे नाव मिळालं (राजधानी ऑकलंडहून तिथे आली ती 1865 ला), दक्षिण आफ्रिकेतही केपटाऊनकडे एक वेलिंग्टन आहेच. आपलं निलगिरीतलं कुन्नूरजवळ, आधीचं नाव जकतला, तिथल्या लष्करी बराकींना ड्यूकचं नाव दिलं आणि गावही तेच झालं. फाळणीनंतर क्वेट्टाचं स्टाफ कॉलेज, म्हणजे लष्करी अधिकाऱ्यांचं प्रशिक्षण कॉलेज, पाकिस्तानात राहिलं आणि त्यातला भारताच्या वाट्याचा भाग इथे आला, भाचा तिथेच जात असणार, त्याचं मनापासून अभिनंदन!

पण लेकीला एक गोष्ट नक्की सांगा. 23 सप्टेंबर 1803 ला असईला, म्हणजे आताच्या जालना जिल्ह्यात भोकरदनकडे, दौलतराव शिंद्यांच्या फौजेशी लढला तो हाच वेलस्ली, तेव्हा वेलिंग्टन हे नाव त्याला लागलेलंच नव्हतं, त्यामुळे पुस्तकात दोन नावं दिसली की मुलांना दोन माणसं वाटतात. शिंद्यांच्या तोफांनी त्याची दीड हजारांवर माणसं मारली नाहीतर जायबंदी केली. पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवूनसुद्धा म्हातारपणी, तुमची सगळ्यात चांगली लढाई कुठली असं विचारलं तर त्यानं असईचंच नाव घेतलं. आपल्याकडे किती जणांना हे माहीत आहे? आणि त्याच दौलतरावांची छावणी 1810 च्या सुमारास किल्ल्याखाली कायमची पडली, तेच तुमचं लश्कर.

सांगलीचं विलिंग्डन कॉलेज मात्र यात धरू नका, ते मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांच्या नावाचं. आणि भाच्याला पार्सल पाठवाल तेव्हा पत्त्यात निलगिरी, तामिळनाडू आठवणीनं लिहा.