बायबलच्या नव्या करारातल्या इब्री लोकांस पत्राचे 9:27 सांगते की माणसाला एकदाच मरण आणि मग न्याय. तर मग येशूने मेलेल्यांतून उठवलेला लाजर दोनदा कसा मेला, न्याय मेल्याबरोबर होतो की शेवटच्या दिवशी, आणि ख्रिस्ताचे अर्पण एकदाच झाले असेल तर रोज मिस्सा, म्हणजे कॅथलिकांचा भाकर-द्राक्षारसाचा अर्पणविधी, कशासाठी?

तिन्ही प्रश्नांचा गुंता एकाच ठिकाणी आहे. 27वे वचन हे अर्धे वाक्य आहे. ते सुटे काढून भिंतीवर, पत्रकावर, अंत्यविधीच्या संदेशात वापरले जाते, पण मूळ ग्रीकमध्ये त्याची रचना "ज्याप्रमाणे... त्याप्रमाणे" अशी आहे. ज्याप्रमाणे माणसांच्या वाट्याला एकदा मरणे आणि त्यानंतर न्याय आहे, त्याप्रमाणे ख्रिस्तही पुष्कळांची पापे वाहून नेण्यासाठी एकदा अर्पिला गेला आणि दुसऱ्यांदा दिसेल तो वाट पाहणाऱ्यांच्या तारणासाठी. मुद्दा दुसऱ्या अर्ध्यात, म्हणजे 28व्या वचनात आहे. माणसाचे मरण लेखकाने दाखल्यादाखल घेतले आहे, कारण ती गोष्ट वाचकाला आधीच मान्य आहे. पुनर्जन्माच्या चर्चेत हे वचन पुढे केले जाते. त्यातून तसा निष्कर्ष निघतो हे खरे, पण लेखक त्या मताशी वाद घालत नाही. तो वाद घालतोय वर्षावर्षाला होणाऱ्या अर्पणांशी.

म्हणून आधी जुन्या करारातल्या लेवीय पुस्तकाचा 16वा अध्याय उघडा. त्याशिवाय इब्री 9 कळत नाही. सातव्या महिन्याचा दहावा दिवस, प्रायश्चित्ताचा दिवस. प्रमुख याजक स्नान करतो आणि साधी तागाची वस्त्रे घालतो. स्वतःच्या व घराण्याच्या पापासाठी एक गोऱ्हा, लोकांसाठी दोन बकरे. बकऱ्यांवर चिठ्ठ्या टाकायच्या, एक परमेश्वरासाठी, दुसरा अजाजेलसाठी, म्हणजे लोकांची पापे घेऊन रानात सोडायचा. मग वेदीवरच्या निखाऱ्यांनी भरलेले धूपपात्र आणि ओंजळभर बारीक कुटलेला धूप घेऊन तो पडद्याआड, परमपवित्रस्थानात, जातो. धुराने दयासन, म्हणजे कराराच्या कोशाचे झाकण, झाकले गेले पाहिजे, नाहीतर तो मरेल, असे 13वे वचन स्पष्ट बजावते. नंतर गोऱ्ह्याचे रक्त बोटाने दयासनावर पूर्वेच्या बाजूस, आणि दयासनासमोर सात वेळा शिंपडायचे. मग बकऱ्याचे रक्त तसेच. तो बाहेर येईपर्यंत दर्शनमंडपात, म्हणजे उपासनेच्या तंबूत, कोणीही थांबायचे नाही (16:17).

इथे एक बारीक गोष्ट. "वर्षातून एकदा" म्हणजे एकच फेरी नव्हे. धूप, गोऱ्ह्याचे रक्त, बकऱ्याचे रक्त अशा त्याच दिवशी अनेक फेऱ्या होत. मिश्ना या यहुदी नियमसंग्रहाच्या योमा भागात धूपपात्र परत आणण्याची फेरी धरून चार होतात. इब्री 9:7 मधला "एकदा" हा एका दिवसाचा, आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेच. (याजकाच्या पायाला दोरी बांधत असत ही गोष्ट प्रवचनांत नेहमी ऐकू येते. ती लेवीयात नाही, मिश्नातही नाही. सोडून द्या.)

"एकदा" साठी ग्रीक शब्द इथे हापाक्स आहे आणि 9व्या अध्यायात तो चारदा येतो: 7, 26, 27, 28. "एकदाच, कायमचे" असा जोर असलेला शब्द वेगळा, एफापाक्स, तो या पत्रात 7:27, 9:12 आणि 10:10 मध्ये आहे. मराठीत तो भार बिचाऱ्या "च" वर पडतो, आणि घाईत वाचताना नेमका तोच निसटतो. 9:27 च्या हापाक्समधून एकट्याने "कायमचे" सिद्ध करू नका, त्यासाठी 9:12 आणि 10:10 भक्कम आहेत.

आता लाजर. योहान 11 मध्ये तो चार दिवसांनी कबरेतून बाहेर आला. याईराची मुलगी, नाईन गावच्या विधवेचा मुलगा, हेही तसेच. हे सगळे पुन्हा त्याच मर्त्य देहात परतले. लाजराचे दुसरे मरण शुभवर्तमानात सांगितलेले नाही, पण योहान 12:10 मध्ये मुख्य याजक त्यालाही मारून टाकायची मसलत करतात, म्हणजे तो पुन्हा मरू शकत होता. ख्रिस्ताचे पुनरुत्थान या जातीचे नाही. रोमकरांस 6:9-10 प्रमाणे तो पुन्हा मरणार नाही, आणि तिथे शब्द एफापाक्सच आहे.

उलट्या बाजूला जुन्या करारातले हनोख आणि एलीया, ज्यांना मरण आलेच नाही. हनोखाबद्दल तर हाच लेखक दोन अध्यायांनंतर, 11:5 मध्ये, लिहितो की त्याला मरणाचा अनुभव येऊ नये म्हणून लोकांतरी नेण्यात आले. अपवाद त्याला ठाऊक होता. तरीही त्याने 9:27 लिहिले, कारण ते माणसाच्या सर्वसाधारण वाट्याचे विधान आहे, "प्रत्येक माणूस बरोबर एकदा" अशी मोजणी नाही. ख्रिस्ताच्या येण्याच्या वेळी जिवंत असतील ते सगळे मरणार नाहीत, हे 1 करिंथकरांस 15:51 मध्येही आहे.

न्याय केव्हा? वचन फक्त "त्यानंतर" म्हणते. "लगेच" म्हणत नाही, किती काळाने तेही सांगत नाही. मंडळ्यांची शिकवण इथे इतर वचने जोडून तयार झाली आहे. कॅथलिक शिकवणीत दोन न्याय आहेत: मरताक्षणी व्यक्तीचा, आणि शेवटी सर्वांचा. हा वाद 14व्या शतकात पेटला होता. पोप बाविसावे जॉन यांनी प्रवचनांत मांडले की संतांच्या आत्म्यांना देवाचे पूर्ण दर्शन शेवटच्या न्यायानंतरच होते. त्यांचे वारस बारावे बेनेडिक्ट यांनी 1336 मध्ये 'बेनेदिक्तुस देउस' हे फर्मान काढून ते मत बाजूला सारले: शुद्धीची गरज नसलेल्या आत्म्यांना ते दर्शन लगेच होते. सुधारित परंपरेतही मरणानंतरचा मुक्काम लगेच ठरतो, पण स्वर्ग-नरकाखेरीज तिसरे ठिकाण, म्हणजे आत्मे शुद्ध होण्याचे शुद्धिस्थान, मानले जात नाही. आत्मा पुनरुत्थानापर्यंत निद्रिस्त असतो असे मानणारेही आहेत. त्यांना लूक 23:43 मधला "आज" फार अवघड जातो, असे माझे मत.

विश्वासणाऱ्याचा न्याय होतो का, यावर लोक हमखास अडखळतात. योहान 5:24 म्हणते की तो न्यायात येत नाही, आणि तिथला शब्द क्रिसिस, हाच 9:27 मध्ये आहे. 2 करिंथकरांस 5:10 मात्र म्हणते, आपणा सर्वांना ख्रिस्ताच्या न्यायासनापुढे उभे राहायचे आहे. नेहमीचा उलगडा असा: पहिल्यात दंडाज्ञा, दुसऱ्यात कामांचा हिशेब. 1 करिंथकरांस 3:15 मध्ये काम जळून जाते, माणूस मात्र वाचतो.

इब्री 9 मध्ये या प्रश्नाला स्वतःचे उत्तर आहे, आणि ते लेवीय 16 मधून येते. तीन "दिसणे" पाहा. ख्रिस्त पाप दूर करायला प्रकट झाला (26). आता आपल्यासाठी देवासमोर उभा आहे (24). पुन्हा दिसेल (28). याजक आत गेला, लोक बाहेर थांबले, आणि तो जिवंत बाहेर आला की समजायचे, अर्पण मान्य झाले. माणसाच्या मरणानंतर जिथे "न्याय" शब्द येतो, तिथे ख्रिस्ताच्या बाजूला लेखक "तारण" लिहितो.

मिस्साबद्दल. इब्री 10:11-12 मध्ये याजक रोज उभा राहतो, ख्रिस्त मात्र बसला. त्याच तंबूच्या, म्हणजे निवासमंडपाच्या, सामानात मेज आहे, दीपवृक्ष आहे, बसायला आसन नाही. काम संपत नव्हते. यावर बोट ठेवून प्रॉटेस्टंट विचारतात, मग वेदीवर यज्ञ कसला? पण "कॅथलिक लोक ख्रिस्ताला दररोज पुन्हा मारतात" हा आरोप चुकीचा आहे. कॅथलिकांच्या ट्रेंट धर्मपरिषदेच्या 22व्या सत्राने (17 सप्टेंबर 1562) म्हटले की बळी तोच, अर्पिणारा तोच, फक्त अर्पणाची रीत वेगळी, रक्तविरहित. त्याआधी कितीतरी शतके प्राचीन मंडळीतला बिशप योहान क्रिसोस्तोम याने इब्रीवरच्या प्रवचनात सांगितले होते की आपण दुसरे नव्हे, तेच अर्पण करतो, किंवा त्याचे स्मरण करतो. खरा मतभेद पुढे आहे. त्याच सत्राने मिस्साला प्रायश्चित्ताचा यज्ञ म्हटले, जिवंतांसाठी आणि मृतांसाठीही. इंग्लंडच्या प्रॉटेस्टंट मंडळीने आपली शिकवण मांडलेल्या 39 कलमांतले 31वे कलम नेमके तेच नाकारते. वाद घालायचाच तर तो "मृतांसाठी" या शब्दावर घाला.