भावाच्या कर्जाला मी जामीन

प्रश्न : भावाच्या कंपनीच्या कर्जाला मी जामीन राहिले. दिवाळखोरी प्रक्रियेत कंपनी दुसऱ्याने घेतली, तिची देणी फेडण्याची योजना मंजूर झाली. तरी बँकेची नोटीस मला! मी सुटले नाही का?

उत्तर : ताई, नाही सुटलात. हे लिहिताना मला वाईट वाटतं. योजना मंजूर झाली म्हणून जामीनदार आपोआप मोकळा होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २१ मे २०२१ रोजी स्पष्ट केलं. बँकेला मिळालेली रक्कम मात्र वजा व्हायलाच हवी. हिशेब लेखी मागा. योजनेत जामीनदारांबद्दल काय लिहिलंय, तेही वाचा. बँक तुमच्याविरुद्ध दिवाळखोरीची प्रकरणं ऐकणाऱ्या न्यायाधिकरणात गेलीच, तर सर्वोच्च न्यायालयाच्या ९ नोव्हेंबर २०२३च्या निकालानुसार रिझोल्युशन प्रोफेशनल (अर्ज तपासून अहवाल देण्यासाठी नेमलेला व्यावसायिक) फक्त शिफारस करतो. निर्णय न्यायाधिकरणाचा, आणि तिथे तुमचं म्हणणं ऐकावंच लागतं. नोटिशीला उत्तर याच आठवड्यात द्या.