दुसऱ्या मॉनिटरवर ‘नो सिग्नल’ का येतं?

आरटीएक्स ३०६० हे ग्राफिक्स कार्ड (मॉनिटरवरचं चित्र तयार करणारं कार्ड) आहे, एक मॉनिटर चालतो आणि दुसरा काळाच राहतो, असं तुम्ही विचारलंय. आधी कॅबिनेटच्या मागे बघा. वर उभे पोर्ट दिसतात ते मदरबोर्डचे, खाली आडवे ते कार्डचे. दुसरी केबल बहुतेक वर लागली असेल. प्रोसेसरमध्ये स्वतःचं ग्राफिक्स, म्हणजे चित्र तयार करणारा भाग, नसेल, तर तिथून चित्र येणारच नाही.

या कार्डवर ४ मॉनिटर चालतात, पण एचडीएमआय पोर्ट बहुधा एकच असतं, बाकी डिस्प्लेपोर्ट या दुसऱ्या प्रकारचे. म्हणून दुसऱ्यासाठी डिस्प्लेपोर्टची केबल घ्या. स्वस्तातला स्प्लिटर कृपया घेऊ नका, तो दोन्हीकडे एकच चित्र दाखवतो. मग कीबोर्डवर विंडोज आणि पी ही बटणं एकत्र दाबून ‘एक्स्टेंड’ निवडा. आणि हो, डिस्प्लेपोर्टची केबल ओढून काढू नका; पिनेवरचं छोटं बटण दाबलं की ती अलगद निघते.