'40 प्रकाशवर्षांपूर्वी' आणि 'कालातीत'

प्रश्न: एका विज्ञानकादंबरीतलं यान 40 प्रकाशवर्षांवरच्या ग्रहाकडे निघतं. चाहत्यांचा तर्क असा, की बायबलमधल्या इस्रायली लोकांच्या 40 वर्षांच्या भटकंतीचं हे प्रतीक आहे. त्याच चर्चेत 'यान 40 प्रकाशवर्षांपूर्वी निघालं' आणि 'प्रकाश कालातीत, म्हणून तोच ईश्वर' अशीही वाक्यं आहेत. हे शब्द बरोबर वापरलेत का?

उत्तर: 'प्रकाशवर्षांपूर्वी' सरळ चूक. शेवटी 'वर्ष' आलं की डोक्यात काळच येतो, पण प्रकाशवर्ष हे अंतर आहे: निर्वातात प्रकाश वर्षभरात कापतो तेवढं, सुमारे 9.46 लाख कोटी किलोमीटर. त्याला 'वर', 'दूर', 'पलीकडे' जोडता येतं; 'पूर्वी' आणि 'नंतर' जोडता येत नाही. शंका आली तर त्या जागी 'कोस' घालून वाचावं. 'यान 40 कोसांपूर्वी निघालं' हे कुणीच लिहिणार नाही.

चाहत्यांचा तर्क नेमका इथेच घसरतो. अंतर 40 प्रकाशवर्षं म्हणजे प्रवास 40 वर्षांचा, हे फक्त प्रकाशाला किंवा रेडिओसंदेशाला लागू. यानाचा वेग प्रकाशाच्या 80 टक्के धरा. पृथ्वीवर 50 वर्षं उलटतील आणि यानातल्या घड्याळात 30, कारण सापेक्षतेच्या सिद्धांतानुसार वेगवान यानातलं घड्याळ मंद चालतं; म्हणजे 40 कुठेच नाही. वेग 99 टक्क्यांवर नेला तर पृथ्वीवर 40 वर्षं आणि वर जेमतेम पाच महिने, यानात मात्र पावणेसहा वर्षंसुद्धा होत नाहीत. गंमत अशी, की वेग सुमारे 71 टक्के असेल तर यानातल्या माणसांची बरोब्बर 40 वर्षं भरतात (वेग वाढवण्या-कमी करण्यातला काळ सोडून). तेव्हा हा तर्क मांडणाऱ्याने आधी कादंबरीत यानाचा वेग दिलाय का ते शोधावं. 71च्या आसपासचा आकडा सापडला तर लेखकाने हे मुद्दाम केलं असं म्हणायला जागा आहे. नाहीतर 40 हा नुसता गोल आकडा.

'कालातीत'चं प्रकरण जास्त नाजूक. काल अधिक अतीत, म्हणजे काळाच्या पलीकडे गेलेलं. मराठीत आपण तो 'शाश्वत', 'चिरंतन' यांच्या जोडीला सर्रास वापरतो, आणि पुस्तकाचं कौतुक करताना त्याने काही बिघडत नाही. धर्मविचारात मात्र बिघडतं. सर्व काळ टिकणारं ते चिरंतन. काळाच्या चौकटीतच न बसणारं ते कालातीत. सहाव्या शतकात रोमन तत्त्वज्ञ बोएथियसने ईश्वराबद्दल बोलताना हाच भेद केला होता.

मग प्रकाश यातला कोणता? सूर्यावरून निघालेला प्रकाश पृथ्वीवर पोहोचायला सुमारे 8 मिनिटं 20 सेकंद घेतो. ज्याच्या निघण्याची आणि पोहोचण्याची वेळ सांगता येते त्याला कालातीत कसं म्हणायचं? चाहते म्हणतात, वेग वाढला की घड्याळ मंदावतं, म्हणून प्रकाशाच्या वेगाला ते थांबतं. पण प्रकाशासोबत जाणारं घड्याळ सापेक्षतेच्या सिद्धांतात असूच शकत नाही, कारण प्रकाश ज्यात स्थिर दिसेल अशी संदर्भचौकटच (मोजमापाची बैठक) नाही. 'फोटॉनसाठी (प्रकाशकणासाठी) काळ थांबतो' हे वाक्य म्हणूनच सैल आहे. वस्तूचा वेग प्रकाशाच्या जवळ जाईल तसं 'घड्याळ मंदावतं' म्हणावं, तिथेच थांबावं.

ईश्वराचं प्रतीक म्हणून प्रकाश वाचायचा असेल तर भौतिकशास्त्राला वेठीला धरायची गरजच नाही. बायबलच्या उत्पत्तिकथेत प्रकाश पहिल्या दिवशी होतो आणि सूर्य-चंद्र चौथ्या. उगमाच्या आधीचा प्रकाश! कादंबरीत तारा नसताना उजेड दिसला तर तिथे हा धागा खरोखर जुळतो.

जाता जाता: सुटा शब्द 'काळ', समासात 'काल': कालप्रवास, कालमापन. 'काळप्रवास' कळतो, पण तत्सम जोडीत 'काल'च बरा. आणि चाहत्यांच्या कल्पनेला 'सिद्धांत' म्हणू नये; सिद्धांत सिद्ध व्हावा लागतो. 'तर्क' पुरेसा आहे, आणि पुरावा फारच तोकडा असेल तर 'अटकळ'.