निघायची वेळ आधी ठरव

चि.
अनेक आशीर्वाद.

नोकरी सांभाळून जगायला वेळ कुठून आणू, असं विचारलंस. छंद आणि व्यायामाचं नंतर बघू. मुंबईत बाकी सगळं एका गोष्टीवर अडतं: संध्याकाळी ऑफिसातून किती वाजता निघतोस.

आधी हिशेब कर. डोंबिवलीच्या घरातून बीकेसीतल्या (वांद्रे-कुर्ला संकुलातल्या) खुर्चीपर्यंत दीड तास धरू: स्टेशनपर्यंत चालणं, प्लॅटफॉर्मवर थांबणं, कुर्ल्यापर्यंत लोकल, पुढे बस किंवा शेअर रिक्षा. जाऊन-येऊन ३ तास, ऑफिस ९ तास, झोप ८ तास. उरले ४. त्यात अंघोळ, जेवण, घरकाम. हातात जेमतेम २ तास राहतात, म्हणून ऑफिसात रेंगाळलेला अर्धा तास छोटा नसतो. तो याच दोनातून जातो. प्रवास मोजायला लोक विसरतात आणि मग झोप कापतात. झोप कापली की दुसऱ्या दिवशी तेच काम लांबतं आणि पुन्हा उशीर होतो.

म्हणून परतीची एक लोकल ठरव. ती ६:४० ची असेल तर ६:०० ला निघायला हवं, म्हणजे ५:४० ला नवं काम उघडायचं नाही. ती २० मिनिटं उद्या सकाळी पहिलं काय करायचं हे लिहायला ठेव. ५:४५ ला साहेबांनी आणखी काही दिलं तर थेट नकार देऊ नकोस. विचार, "आजच्या दोनपैकी कोणतं उद्यावर ढकलू?" निवड त्यांना करू दे. बहुतेकदा दोनपैकी एक उद्यावर गेलं तरी चालतं.

अमेरिकेच्या टीमबरोबर काम असेल तर एक गोष्ट नीट समजून घे. न्यूयॉर्कची सकाळी ८ ची बैठक उन्हाळ्यात आपल्याकडे संध्याकाळी ५:३० ला असते. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिथली घड्याळं तासभर मागे जातात आणि तीच बैठक ६:३० ला येते, ती थेट मार्चपर्यंत. तुझी लोकल इथे चुकते. ऑक्टोबरमध्येच बैठक तासभर अलीकडे घ्यायला सांग. ते शक्य नसेल तर त्या दिवसांपुरती ती घरून करायची परवानगी माग किंवा सकाळी उशिरा येण्याचं ठरवून घे, आणि जे ठरेल ते ईमेलवर असू दे.

रात्री मेसेजला उत्तर दिलं की लोक तुला रात्रीचा माणूस धरून चालतात. टीमला एकदा सांगून टाक: "आठनंतर तातडीचं असेल तर फोन करा." फोन करायचा म्हटलं की माणूस विचार करतो, आणि खरंच तातडीचं तेवढंच येतं. ग्रुप म्यूट कर. अँड्रॉइडवर कंपनीचं वर्क प्रोफाइल (ऑफिसची ॲप वेगळी ठेवणारा भाग) असेल तर ते रात्री बंद ठेवता येतं.

रजा वर्षाच्या सुरुवातीलाच कॅलेंडरवर मांड. २०१७ च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायद्यात वर्षाला ८ दिवसांची नैमित्तिक रजा आहे आणि भरपगारी रजा ४५ दिवसांपर्यंतच साठवता येते. तुझ्या नेमणूकपत्रात काय आहे ते वाच. गणपतीला गावी जायचं तर रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, म्हणून रजेचा अर्ज त्याच्याही आधी गेला पाहिजे. सगळं ऑफिस त्याच आठवड्याची रजा मागतं.

रविवारी बाहेर पडण्याआधी मेगाब्लॉक, म्हणजे दुरुस्तीसाठी लोकल बंद, कुठे आहे ते बघ, नाहीतर सुट्टीही गाडीतच जाते.

ऑफिसजवळ खोली घ्यावी का, हाही प्रश्न येईल. रोजचे २ तास वाचले तर महिन्याच्या २२ दिवसांत ४४ तास होतात. भाडं ८,००० रुपयांनी वाढत असेल तर तासाला साधारण १८२ रुपये पडले. तुझा तासाचा पगार त्याहून बराच जास्त असेल आणि घरी कुणाला तुझी रोजची गरज नसेल, तर मी घे म्हणेन. आईवडील एकटे पडणार असतील तर हे गणित बाजूला ठेव.

सध्या दोन आठवडे रोज फक्त तीन वेळांची नोंद ठेव: घरातून निघालास ती, ऑफिसातून निघालास ती आणि झोपलास ती. कागद मला पाठव, खोलीचं त्यानंतर ठरवू.