आर्मेनियात कवी होव्हानेस तुमान्यान यांचं द्सेघ गावातलं घर मुद्दाम वाकडी वाट करून बघण्यासारखं आहे का?

हो, अवश्य जा. तुमान्यान (१८६९–१९२३) यांचा जन्म लोरी प्रांतातल्या याच गावचा. वडील तिथले धर्मगुरू. ते दगडी घर आता संग्रहालय आहे. घरापेक्षाही मला भिडतं ते अंगणातलं स्मारक: तुमान्यान वारले मॉस्कोत, पण त्यांचं हृदय अनेक दशकं जपून ठेवून १९९४ साली इथे पुरलं. तिथे जरा थांबाच.

मग गावाच्या कडेला चालत जा. द्सेघ पठारावर आहे, खाली देबेद नदीची खोल दरी. तुमान्यान यांच्या ‘अनुश’ काव्यातले डोंगर हेच. वानाद्झोरहून टॅक्सी करा आणि त्याच दिवशी हाग्पातचा मठही बघून घ्या, रस्ता तिकडेच जातो.