शेवटचा व्हेंटिलेटर कोणाला?

प्रश्न : कोविडच्या दुसऱ्या लाटेत खाटा आणि प्राणवायू यांसाठी झालेली धावपळ आम्ही पाहिली. त्यावरून आमच्या घरात आजही वाद होतो. मुलगा म्हणतो, व्हेंटिलेटर एकच उरला तर तो तरुणाला द्यावा. सासूबाई म्हणतात, आधी आला त्याचा नंबर आधी. अशा वेळी लोकांच्या मताला काही किंमत असते का, की सारे डॉक्टरांवर सोडावे?
— एक वाचक भगिनी, काणकोण

उत्तर : लोकांच्या मताला निश्चित किंमत आहे, मात्र ते साथ येण्याआधी विचारले गेले पाहिजे. अमेरिकेतील मेरीलँड राज्यात कोविडच्या काही वर्षे आधीच संशोधकांनी सामान्य नागरिकांना एकत्र बसवून नेमका हाच प्रश्न विचारला होता. ज्यांचा जीव वाचण्याची शक्यता अधिक, त्यांना प्राधान्य द्यावे याकडे त्यांचा कल होता. ‘आधी येईल त्याला आधी’ हा नियम त्यांना फारसा पटला नाही.

सासूबाईंचे म्हणणे वरवर न्यायाचे वाटते, पण आपल्याच तालुक्याचा विचार करावा. बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाजवळ राहणारा रुग्ण काही मिनिटांत तेथे पोहोचतो, तर काणकोणच्या रुग्णाला रुग्णवाहिका मिळाली तरी रस्त्यात तासाहून अधिक वेळ जातो. नंबर आधी कोणाचा लागणार, हे मग आजारावर नव्हे, घर कोठे आहे, गाडी आहे का आणि कोणाची ओळख आहे का यांवर ठरते.

मुलाच्या मताला इटलीतील अतिदक्षता तज्ज्ञांच्या संघटनेचा काहीसा आधार मिळेल, कारण मार्च २०२० मध्ये तिने वयोमर्यादा घालावी लागण्याची शक्यता बोलून दाखवली होती. तरीही नुसत्या वयावर निवाडा करणे मला मान्य नाही. धडधाकट सत्तरीतला माणूस बरा होऊन घरी जाईल आणि मूत्रपिंडे निकामी झालेला चाळिशीतला कदाचित जाणार नाही. अपंगांच्या बाबतीत तर विशेष जपायला हवे : जर्मनीच्या घटना न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये, अशा निवडीत त्यांच्यावर अन्याय होऊ नये म्हणून संसदेने विनाविलंब तरतूद करावी, असा निर्णय दिला. बरे होण्याची शक्यता सारखीच असेल, तर चिठ्ठी टाकणे हाच मला त्यातल्या त्यात न्याय्य मार्ग वाटतो.

डॉक्टरांविषयी म्हणाल तर, रात्रपाळीत एकट्या असलेल्या तरुण डॉक्टरवर हा भार टाकणे क्रूरपणाचे आहे. निवड उपचार करणाऱ्याने न करता वेगळ्या समितीने, आधी जाहीर झालेल्या निकषांवर आणि कारणे लिहून ठेवून करावी. टंचाई खरोखर अटळ होती का, हेही विचारलेच पाहिजे. मे २०२१ मध्ये बांबोळीत पहाटेच्या वेळी प्राणवायूचा पुरवठा विस्कळीत होऊन रुग्ण दगावत असल्याच्या तक्रारींची दखल उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाला घ्यावी लागली होती. पुरवठ्यातील अव्यवस्थेचे उत्तर निवडीच्या निकषांत शोधता येत नाही.

आपल्या पंचायतीच्या ग्रामसभेत हा विषय मांडून आरोग्य खात्याकडे ठराव पाठवता येईल. त्यात अंतराचा मुद्दा सर्वांत आधी लिहावा, कारण तो काणकोणकरांनीच मांडायला हवा.